सबनीसकाकांच्या बसायच्या जागा

सबनीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस भ्रमिष्ट आहे. ऑस्ट्रेलियात, गुंगालिनच्या तळ्याकाठी एप्रिलच्या थंडीत एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्याला कानटोपी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि हातात कॅम्पिंगची घडीची खुर्ची. ती उघडायची, बसायचं, मान फिरवून चहूकडे बघायचं, उठायचं, दहा पावलं सरकायचं आणि पुन्हा उघडायची. हे मी सहा वेळा पाहिलं. पहिल्या लॉकडाऊनचे दिवस होते, लहान मुलांच्या घसरगुंडीलासुद्धा प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ठेवलेली होती. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने लांबूनच विचारलं, "यू राइट, डार्ल?" त्यावर हे म्हणाले, "येस, येस. ओन्ली सिटिंग." आणि मग स्वतःशीच, चक्क मराठीत, "छे, इथे पाठीला वारा लागतोय."

कॅनबेरात तळ्याकाठी मराठी ऐकून मी जागीच थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखपाळख काही न विचारता म्हणाले, "तू रोज इथून जातेस. फार भरभर चालतेस. कुठे आग लागलीय?"

आग लागलेली होतीच. मी सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोट. घरात मी आणि दोन मॉनिटर. नाशिकला आई आणि धाकटा भाऊ प्रसाद, आणि मध्ये बंद पडलेलं सगळं आकाश. झोप उडाली होती. दिवसातून चार वेळा तळ्याला फेऱ्या मारायचे आणि घरी येऊन पुन्हा बातम्या बघायचे. हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगून टाकलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खुर्ची माझ्यापुढे केली. "बस. इथे नको, जरा डावीकडे. आता बघ."

काका निघाले आमच्याच गल्लीतले. तीन घरं सोडून राहणाऱ्या ऋजुताचे वडील. ऋजुताला मी लाइट रेलच्या स्टॉपवर बघून ओळखत होते, हाय-हॅलोपुरतं. काका दोन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते आणि विमानं बंद झाल्यावर अडकले. कुंदाकाकू ठाण्यालाच राहिल्या होत्या, कारण त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे एक-दोन विशेष विमानं भारतात गेली, तेव्हा काका निघायला तयार होते. ऋजुताने जाऊ दिलं नाही. काकांच्या हृदयात स्टेंट होता, तिकडे साथ भडकलेली, इकडे आमच्या गावात महिनोन्महिने एक रुग्ण नाही. काकूंनीही फोनवर निक्षून सांगितलं, "तिथेच राहा. तुम्ही सुरक्षित आहात एवढं मला पुरे आहे."

काका पुण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी कारखान्याने त्यांना चार वर्षं व्हिएन्नाला पाठवलं होतं. काकू जाऊ शकल्या नाहीत, सासूसासरे अंथरुणाला खिळलेले होते. तिथे काका पंपांचं काय शिकले कोण जाणे, पण बसायला शिकले. "माझी घरमालकीण मला दर शनिवारी घराबाहेर हाकलायची," ते सांगायचे. "म्हणायची, जा, कुठेतरी बसून ये. मी विचारलं, बसून काय करू? ती म्हणाली, हे विचारतोस म्हणजे तुला शिकायला हवं." मग काका चार वर्षं शनिवारी व्हिएन्नाभर बसत सुटले.

त्यानंतर आमचा नेमच झाला. रोज संध्याकाळी पाचला माझं काम संपायचं, काका खुर्ची घेऊन यायचे, मी माझी घ्यायचे, आणि तळ्याकाठी दोन मीटर अंतर राखून आम्ही व्हिएन्नातल्या एकेका जागी बसायचो. ते सांगायचे, मी ऐकायचे. गुलाबांच्या बागेतला उन्हाकडे तोंड करून ठेवलेला बाक. द्राक्षमळ्यांच्या उतारावरचं अंगण, दारावर झाडाची हिरवी डहाळी टांगली की समजायचं नवी वाइन आली, आत जाऊन लाकडी बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसायचं. कॉफीची जुनी दुकानं, जिथे चांदीसारख्या छोट्या तबकात कॉफी आणि पाण्याचा ग्लास येतो, ग्लासवर चमचा आडवा ठेवलेला असतो, आणि लाकडी दांडीत अडकवलेलं वर्तमानपत्र घेऊन चार तास बसलं तरी वेटर उठ म्हणत नाही. "तिथे माणूस कॉफी पीत नाही," काका म्हणायचे, "कॉफीजवळ बसतो."

त्यांचे नियम ठरलेले होते. "पाठीला झाड, तोंडावर ऊन आणि नजरेला पाणी. तिन्ही मिळालं की उठायचं नाही." आणि मी मोबाइल काढला की, "घाई कुणाला आहे? तळ्याला?" एकदा मी म्हटलं, काका, आम्हीही युरोपची टूर केली होती, बारा दिवसांत सात देश. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला कुठे तोंड लपवू असं झालं. "आपली माणसं जागा बघतात, फोटो काढतात आणि बसकडे पळतात. अगं, जागेने तरी तुम्हाला बघायला नको का?"

सांगून झालं की ते जागेचं चित्र काढून द्यायचे. चित्र कसलं, नकाशाच. पेन्सिलने आखलेला, झाड कुठे, बाक कुठे, ऊन किती वाजता कुठून येतं त्याचा बाण, आणि उजव्या कोपऱ्यात चौकट करून त्यात तारीख. ड्राफ्ट्समन म्हणजे तारखेशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही, ही चाळीस वर्षांची सवय. माझ्या फ्रिजचं दार त्या कागदांनी भरून गेलं. मला झोप लागायला लागली. औषधाने नाही, समुपदेशकाने नाही, एका म्हाताऱ्याने मला न पाहिलेल्या गावातल्या बाकांवर बसवून बरं केलं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

काकांचा एक बेत होता. परत जाताना व्हिएन्नाला उतरायचं. काकू ठाण्याहून येतील, काका इथून जातील, आणि दोघं तिथेच भेटतील. "तिने चार वर्षं माझी पत्रं वाचली. प्रत्येक पत्रात मी कुठे बसलो ते. एकदा तिला बसवायचं आहे, मग संपलं." त्यासाठी त्यांनी सात जागा निवडून ठेवल्या होत्या. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरीला काकू आजारी पडल्या. भारतातल्या त्या लाटेचं मी काही सांगायला नको. तिकडची विमानं आमच्या सरकारने पुन्हा बंद करून टाकली होती. काकू सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या आणि एका मंगळवारी पहाटे गेल्या.

सकाळी ऋजुता माझ्या दारात उभी होती. डोळे कोरडे, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आई गेली. बाबांना सांगायचं नाहीये."

मला वाटलं, आज सांगायचं नाहीये असं म्हणतेय. पण तिने सगळं ठरवून टाकलं होतं. "त्यांचं हार्ट हे घेऊ शकणार नाही. आणि सांगून करणार काय? जाता येत नाही, काही करता येत नाही. फ्लाइट्स सुरू झाल्या की तिकडे नेऊन सांगू. तोपर्यंत सांगायचं, आई बरी होऊन मावशीकडे आहे, घशात नळी घातली होती म्हणून अजून बोलता येत नाही. मेसेज करेल. तू रोज भेटतेस त्यांना, तुझ्या तोंडून निघू देऊ नकोस. प्लीज." मी हबकून गेले होते. मी हो म्हटलं.

यात ऋजुताला दुष्ट ठरवू नका. आपल्याकडे कुणाच्या घरी हे झालेलं नाही? परीक्षा आहे, पोराला कळवू नका. बाळंतीण आहे, तिला कळवू नका. परदेशात आहे, उगाच जिवाला घोर. यालाच आपण माया म्हणतो. ऋजुताने त्या दिवशी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले आणि बाबांना कळू देऊ नका म्हणून सांगितलं. आपल्या माणसांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. चाळीस-पन्नास माणसांच्या पोटात हे राहिलं.

त्याच दिवशी पाचला काका खुर्ची घेऊन आले. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेले नाही तर संशय येईल म्हणून गेले. त्या दिवशीची जागा होती एक दफनभूमी. "स्मशानात आराम?" मी म्हटलं. "तिथे लोक फिरायला जातात," काका म्हणाले. "मोठी झाडं, शांतता, आणि थडग्यांमधून गुबगुबीत उंदरांसारखे प्राणी. लोक मेणबत्त्या लावून जातात आणि हे चोर येऊन मेण खातात. गालांत कोंबतात आणि पळतात." आणि काकांनी दोन्ही गाल फुगवून, दोन्ही हात छातीशी धरून, तो चोर करून दाखवला. मी हसले. सकाळचं सगळं माहीत असून मला खळखळून हसू आलं. काकाही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरी येऊन मी न्हाणीघराचा नळ मोठा सोडला आणि रडले.

पुढचे सहा आठवडे मी काय काय केलं ते लिहायची लाज वाटते. काकूंच्या फोनवरून त्यांची बहीण रोज काकांना एक मेसेज पाठवायची. मजकूर ऋजुता द्यायची. एके दिवशी ती मीटिंगमध्ये अडकली आणि मला म्हणाली, "आजचं तू सुचव ना." मी सुचवलं, "आज जरा बरं वाटतंय. गोळ्या वेळेवर घेता ना?" संध्याकाळी काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "बघ. स्वतःला बोलता येत नाही आणि मला विचारते गोळ्या घेता ना." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तळ्याकडे बघत बसावं लागलं. मेलेल्या बाईच्या नावाने मी त्या माणसाशी बोलले होते, आणि त्याने मला ते प्रेमाने वाचून दाखवलं होतं.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी काका माझ्याकडे आले. बाहेर गारठा होता म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला. सात जागा, प्रत्येकीला आकडा, आणि पायऱ्या किती ते. "तू इंटरनेटवर बघून सांग, यांत काही बदललंय का. पाचव्या जागी पूर्वी दोन पायऱ्या होत्या, कुंदाला एकच जमेल." मी एकेक बघत गेले. बागेचं फाटक तेच होतं. कॉफीच्या दुकानाला आता उतार केला होता. काका खूश झाले. "हे बरं केलं. आता हॉटेल बघ. नुसतं बघून ठेव, विमानं काय, आज ना उद्या सुरू होतील. खिडकी बागेकडे पाहिजे. दोन माणसं घाल."

पडद्यावर चौकट आली, माणसं किती? मी दोन हा आकडा घातला आणि माझं बोट तिथेच राहिलं. मला पुढे जाता येईना.

"काय झालं?" काका म्हणाले. "रूम नाही?"

"काका, काकू नाहीत."

मी हे कसं बोलले मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. आपण भलत्याच घरात शिरलो की काय, अशा चेहऱ्याने पाहिलं.

"कधी?"

"सहा आठवडे झाले. हॉस्पिटलमध्येच. मंगळवारी पहाटे."

"कोणत्या मंगळवारी?"

मी तारीख सांगितली. ते उठले. मला वाटलं, छातीत दुखतंय, मी धावले. पण ते फ्रिजपाशी गेले आणि एकेका कागदाचा उजवा कोपरा बघायला लागले. चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लावून. ते काय शोधताहेत हे माझ्या लक्षात आलं. त्यांना तो कागद सापडला. दफनभूमी, झाडांच्या रांगा, बाकाच्या खुणा, आणि चौकटीत तीच तारीख. त्यांनी मॅग्नेट काढून तो हातात घेतला.

"तिला नेलं त्या दिवशी मी हे काढलं," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून, "मी गाल फुगवून दाखवले तुला."

त्यांनी कागदावरून नजर माझ्याकडे वळवली.

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आणि तू हसलीस." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मी जवळ असतो तरी मेली असती ती, त्याचं काही नाही. मी तिथे पोचलो नसतो, तेही मला कळतं. पण तुम्ही मला हसू दिलंत. सहा आठवडे. मी जेवलो, श्रीखंड खाल्लं, गाणी म्हटली. माझी बायको मेली आणि मी हसत होतो, हे आता कोण पुसणार?"

कागद तिथेच ठेवून ते गेले. सात जागांचा तो दुसरा कागदही टेबलावर राहिला.

ऋजुता माझ्यावर संतापली. मग रडली. काकांच्या हृदयाला काही झालं नाही. त्यांनी फक्त एक मागणं केलं, दहा दिवस सुतक. ऋजुताने सिडनीतल्या गुरुजींना विचारलं. इतके दिवस उलटल्यावर थोडक्यात उरकलं तरी चालेल, असं ते म्हणाले. काका म्हणाले, "त्यांना चालेल. मला नाही चालणार. माझे दहा दिवस तुम्ही घेतलेत, ते मला परत पाहिजेत." गॅरेजमध्ये चटई टाकून, कॅनबेराच्या जूनमध्ये, हा माणूस दहा दिवस एकटा राहिला. ऋजुताने हीटर नेऊन ठेवला तो त्यांनी लावला, एवढंच. कुणाशी बोलले नाहीत.

त्या शनिवारी, काका गेल्यावर तासाभराने, मी प्रसादला फोन लावला. नाशिकला दुपारचं जेवण चाललं असावं. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आईचं काही झालं, तुझं झालं, तर मला त्याच दिवशी कळायला पाहिजे. माझी नोकरी, माझी झोप, विमानं, काही बघायचं नाही. शपथ आहे तुला."

लाइन कट झाली असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिले.

"ताई," तो म्हणाला, "आईचं फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती. केमो चालू आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, तू एकटी, येताही येणार नव्हतं. आईनेच शपथ घातली होती."

दर रविवारी मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. दर रविवारी तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असायचा आणि ती म्हणायची, आत्ताच न्हाले गं. चार महिने माझी आई दर रविवारी आत्ताच न्हालेली होती, आणि चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. मी फोन ठेवला. आईला लावायचा धीर झाला नाही. दहा दिवस झाला नाही, मधले दोन रविवारही मी चुकवले. तिला काय म्हणू, का लपवलंस? कोणत्या तोंडाने?

अकराव्या दिवशी दारावर टकटक झाली. काका. डोक्याचा गोटा केलेला, दाढी काढलेली, चेहरा निम्मा झालेला. रागवायला आले असते तर मला बरं वाटलं असतं. "तुझ्यावर राग आहे," ते म्हणाले. "राहील. पण तू सांगितलंस, दुसरं कुणी सांगितलं नाही. तेही राहील." मी त्यांना आईचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आज कळलं?"

"दहा दिवस झाले."

"बोललीस तिच्याशी?"

"काय बोलू, काका?"

"मूर्ख आहेस. बोलायला कोण सांगतंय? फोन लाव, टेकवून ठेव आणि बस तिच्याजवळ."

मी फोन लावला. पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. काका उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आईने माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तिने हळूच टॉवेल सोडला. आम्ही दोघी तासभर बसलो. ती मध्येच लसूण सोलत होती. बोललो असू चार वाक्यं. आई आता बरी आहे, केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे.

पुढे विमानं मिळाली तेव्हा काका ठाण्याला गेले. व्हिएन्नाबद्दल ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विमानतळावर ऋजुताने त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं काही झालं तर कुणापासून लपवू नकोस. चांगलं-वाईट जे असेल ते, गरम आहे तोवर सांग."

गेल्या वर्षी त्यांची तब्येत ढासळली म्हणून ऋजुता ठाण्याला गेली होती. मी ऑफिसात टीमबरोबर केक कापत होते, कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळे गात होते. फोन वाजला. ऋजुताचा आवाज फाटलेला होता आणि मागे भांड्यांचे, माणसांचे आवाज येत होते.

"चारू, बाबा गेले," ती म्हणाली. "पाच मिनिटं झाली. अजून मी कुणालाच सांगितलेलं नाही, पहिला फोन तुलाच."

मी हातातली सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांना म्हटलं, जरा थांबा.